सरिता सिस्टरचे उपवास

आमच्या नर्सिंग ब्युरोच्या मृण्मयी मॅडम नवी बाई आली की आधी तिचं सर्टिफिकेट बघतात, मग तिला चहा देतात आणि नावाचं मग बघतात. नाव चालण्यासारखं नसलं तर तिथल्या तिथं दुसरं देतात. सायराची सरिता झाली ती अशीच, चहा पिता पिता. "अगं, घरं मिळत नाहीत. मारुंजीच्या सोसायट्यांतनं फोन आला की पहिला प्रश्न हाच, बाई आपल्यातलीच आहे ना? मी काय करू? नाव बदलायचं नुसतं, काम तर तेच करायचं." ब्युरोच्या कार्डावर सायराचा फोटो आणि खाली सरिता. मॅडम वाईट नाहीत. असं म्हणताना माझी जीभ अडखळते, पण नाहीत. त्या वेळी सायराला काम देणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी हेमलता, घोटावड्याची. त्याच ब्युरोत. माझं नाव कुणी बदललं नाही, आणि का बदललं नाही हे कळायला अक्कल लागत नाही. पुण्यात शिकले म्हणून बोलणं जरा सुधारलंय, पण डोकं फिरलं की मूळचं बाहेर येतं. हे सांगताना ते येणार, आधीच सांगून ठेवते.

सायरा पौडची. बाबालालभाई बांगडीवाल्यांची धाकटी. निम्म्या मुळशीच्या नवऱ्यामुलींचा चुडा त्या माणसानं भरला, माझाही भरला. लग्नघरात पाटावर बसायचे, पोरीचा हात हातात घ्यायचे, "सैल सोड बाळ हात" म्हणायचे, आणि आमच्या आज्याही त्यांना आधी चहा द्यायच्या. त्यांची पोर नर्स झाली. पिरंगुटच्या बाजूला एका खाजगी दवाखान्यात बरीच वर्षं होती. मग करोना आला. एका पेशंटच्या मुलानं तिच्या छातीवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, दुसरी सिस्टर पाठवा, हे लोकच पसरवतायत. दुसऱ्यानं ऐकलं, तोही म्हणाला. दवाखान्यानं काय करावं? त्या पोराला बाहेर काढावं की नाही? त्यांनी सायराला वॉर्डातनं काढून चादरी-कपडे उकळायच्या खोलीत ठेवलं. "तुमच्याच भल्यासाठी," म्हणाले. तिचा नवरा तारिक त्याच लाटेत गेला. मूलबाळ नाही. वडीलही गेले, बांगड्यांचं दुकान बंद पडलेलं, त्याच्या मागच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते.

आम्हा दोघींना मारुंजीत एकच पेशंट मिळाला, ती दिवसा, मी रात्री. चंद्रकांत नाना. मूळचे बार्शीचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवरच्या भोंग्यातनं गाड्या पुकारणारे. बायको गेली, मग अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा मुलगा शैलेश आणि सून अपेक्षा त्यांना इकडं घेऊन आले. दोघं हिंजवडीला कामाला. सकाळी दार बंद व्हायचं ते संध्याकाळीच उघडायचं. गॅलरीतनं खाली बघितलं की गाड्या दिसायच्या, पण त्यांच्या गावची एकही नाही. आयुष्यभर हजार माणसांशी बोललेला माणूस, आणि इथं शेजारच्या दारातलं कुत्रंसुद्धा ओळख देईना.

सायरा आली आणि नाना परत पुकारायला लागले. जीभ जड झाली होती, पण ढब तीच. सकाळी आठला तिनं चपला काढल्या की खोलीतनं आवाज यायचा, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पौडहून येणाऱ्या सरिता सिस्टर फलाटाला लागल्या आहेत." मी निघताना, "हेमलता सिस्टर घोटावड्याकडं रवाना होत आहेत, ज्यांचं डोकं अजून खाऊन झालं नसेल त्यांनी घाई करावी." लई खवट म्हातारा. मला आवडायचा.

पूजेचं ताट अपेक्षा त्यांच्या पलंगाजवळ आणायची. नानांच्या घराण्यात दत्ताचं. डाव्या हाताच्या बोटानं ते अंगारा घ्यायचे, आधी स्वतःच्या कपाळाला, मग समोर जी कुणी असेल तिच्या. सायरा मान पुढं करायची. संध्याकाळी बसमध्ये बसली की रुमालानं पुसायची. हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिच्या तोंडाकडं बघवेना. मी म्हटलं, राहू दे की, राखच तर हाय. ती म्हणाली, "राखेचं न्हाई गं. ते सरिताला लावत्यात. मी चोरून लावून घेतल्यागत वाटतं."

मग रमजान आला. मोठी पंचाईत. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि बारा तासांची ड्यूटी. पहिल्या दिवशी अपेक्षानं चहा पुढं केला तर ही म्हणाली, "उपवास आहे." सोमवार होता, शंकराचा खपून गेला. मंगळवारी गणपतीचा. गुरुवारी दत्ताचा, त्यावर तर नाना खूशच झाले. शुक्रवारी संतोषीमाता, शनिवारी मारुती. बुधवारी पोट बिघडलं. बरं, उपवास म्हटलं की आपल्याकडं कुणी गप्प बसतं का? अपेक्षा स्वयंपाकवालीला सांगून साबुदाण्याची खिचडी करायला लावायची, दाण्याचं कूट भरपूर घालून. "निर्जळी आहे, डबा नेते," म्हणून ही तो डबा पर्समध्ये घालायची. सूर्य बुडाला की गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं घोटभर पाणी आणि एक खजूर, आणि घरी गेल्यावर ती गार खिचडी. रोजा साबुदाण्यावर सोडणारी अख्ख्या मुळशीत ती एकटीच असंल. मी हसले तर तीही हसली. मग म्हणाली, "हेमा, अब्बा असते तर त्यांना सांगितलं असतं, लई हसले असते." घरी तिला सांगायला कुणी नव्हतं.

सगळं निभलं असतं. पण एका दुपारी नाना रडायला लागले. तिनं विचारलं, काय दुखतंय? नाना म्हणाले, "सरिता, रोज उपाशी राहतेस. माझ्यासाठीच करतेस ना हे? मला कळत नाही असं नको समजूस. माझी बायको असती तर तिनं केले असते असे उपवास." आणि म्हणाले, "अपेक्षाला सांगितलंय मी, तुझी ओटी भरायची, साडी द्यायची. चार लोकांत सांगणार आहे मी, या पोरीनं मला उभं केलं."

आता दुसरी एखादी असती तर साडी घेऊन गप्प बसली असती. मी तर नक्कीच बसले असते. सायराला ते झेपलं नाही. न केलेल्या नवसाचं पुण्य ती कुठं ठेवणार? तिनं चमचा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. "नाना, हे रोजे आहेत. मी सायरा. पौडच्या बाबालाल बांगडीवाल्यांची मुलगी. सरिता हे ब्युरोनं दिलेलं नाव आहे."

 नानांनी एवढंच विचारलं, "आणि मी अंगारा लावायचो तो?"

"बसमध्ये पुसायचे, नाना."

"फसवलंस," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं.

हे सगळं तिनं मला संध्याकाळी पायपुसण्यावर उभ्या उभ्या सांगितलं. मी चिडले. "तुला कुणी सांगितलं व्हतं शहाणपण करायला? आता सुनेला सांगतील, उद्या तू घरी." पण नानांनी सुनेला सांगितलं नाही. त्यांनी भलतंच केलं. दुसऱ्या दिवशी सायरानं घास पुढं केला तर म्हणाले, "माझा उपवास आहे." पाणी दिलं तर म्हणाले, "निर्जळी."

तिचंच खोटं तिला परत केलं म्हाताऱ्यानं. मी सकाळी निघताना चार घास चारून जायचे आणि रात्री आले की जेवू घालायचे, तेवढंच. मधले बारा तास त्या खोलीत दोघंही उपाशी. सायरा त्यांचं अंग पुसायची, कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची. ते चालायचं. ओकारीचं, घाणीचं काम तिच्या हातनं चालत होतं, पाणी चालत नव्हतं. मला याचा संताप आला, अजून येतो. आख्खी दुनिया अशीच करते, म्हाताऱ्याला एकट्याला काय बोलायचं. सकाळचं पुकारणंही बंद झालं. ती चपला काढायची आणि खोलीतनं नुसती पंख्याची घरघर.

मी म्हटलं, मॅडमला सांगून ड्यूटी बदलून घे. ती म्हणाली, "आणि ते उपाशी राह्यले तर? माझ्या जागी दुसरी आली आन् तिच्याबी हातनं न्हाई खाल्लं तर तिला कोण सांगणार, ते का खात न्हाईत?" सुनेला सांगायचं तर कारण सांगावं लागणार. डॉक्टरांना सांगायचं तरी तेच. म्हणून ती रोज ताट वाढायची, समोर धरायची, आणि झाकून ठेवायची.

नाना साखरेचे पेशंट. जेवण बंद, पण दुपारच्या गोळ्या मात्र डाव्या हातानं डबीतनं काढून तशाच गिळायचे. ती "नको" म्हणाली की अजून हट्टानं गिळायचे. व्हायचं तेच झालं. एका दुपारी घामानं चिंब, हात थरथरायला लागले, डोळे फिरले. सायरानं साखर बोटावर घेतली आणि त्यांच्या गालाच्या आत चोळली, परत घेतली, परत चोळली. जरा गिळायला लागल्यावर चमच्याचमच्यानं साखरपाणी. तेव्हा नकार द्यायला नाना जागेवर नव्हते. शुद्धीवर आले तेव्हा तिची बोटं त्यांच्या तोंडात होती आणि ती रडत होती. तिनं अपेक्षाला आणि डॉक्टरांना फोन केला. साखर उतरली म्हणून कळवलं. का उतरली ते नाना स्वतःच फोनवर बोलले, "माझ्याच चुकीनं. सिस्टरला काही बोलू नका."

मग तिला म्हणाले, "भात दे थोडा." तिनं भरवला. ऊन कलायला लागलं तशी ती उठली नाही, तिथंच बसून राहिली. नाना गॅलरीकडं बघत म्हणाले, "सूर्य गेला. तुझी वेळ झाली ना? जा, पाणी पी." ती उठली तेव्हा मागनं म्हणाले, "सायरा. बाहेर नको जाऊस. इथं बसून पी."

त्या घरात ती पहिल्यांदा बसून पाणी प्यायली. 

त्यानंतर दिवसभर दार बंद असलं की सायरा, आणि लेक-सून घरात असले की सरिता. नानाच म्हणाले, "मुलगा माझा चांगला आहे, पण सुनेकडं पाहुणे येतात, चार तोंडं. तुझी ड्यूटी जाईल. आपण आपलं आतल्या आत ठेवू." अंगारा लावायचं त्यांनी सोडलं, नुसता डोक्यावर हात ठेवायचे. अपेक्षानं विचारलं तर म्हणाले, सिस्टरला ॲलर्जी आहे. दुपारी भिंतीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात पुकारायचे, "पौडहून येणाऱ्या सायरा..." आणि पुढचं हसण्यात विरून जायचं. तारिक गेल्यापासून तिला रोज नावानं हाक मारणारं हे एकच माणूस होतं. मी होते, पण त्या घरात मलाही सरिताच म्हणावं लागायचं, आणि पौडला मी आठवड्यातनं एकदा जाणार.

ओटी काही भरली गेली नाही. उन्हाळ्याच्या शेवटाला नानांना दुसरा झटका आला. डॉक्टर म्हणाले, आता दवाखान्यात नेऊन हाल करू नका. बार्शीहून बहीण आली, म्हणजे शैलेशची आत्या, चुलतभाऊ आले, खोली माणसांनी भरली. त्या सकाळी सहा वाजल्यापासून नाना बरळायला लागले. पुकारत होते. आधी बार्शीच्या गाड्या, सोलापूर, लातूर. मग एकाएकी स्पष्ट, "सायरा. पौड गाडी लागली का? सायरा उतरली का बघा."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. परत तेच. "सायरा उतरली का?" आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "ही कोण आता?" एक चुलतभाऊ खाली बघून गालात हसला. "स्टँडवरची नोकरी होती ताई, हजार माणसं भेटतात." शैलेशचं तोंड उतरलं. तो माझ्याकडं वळला, "सिस्टर, बाबांनी रात्री कधी काही सांगितलं होतं का? कुणी... म्हणजे बार्शीत कुणी होतं का?" माझ्या ओठांवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. पण नाव माझं नव्हतं. तिचं पोट त्यावर होतं, आणि त्याहून मोठं म्हणजे, कळलं तर हे लोक तिला शेवटचं त्यांच्याजवळ बसू देतील की नाही याचा भरवसा नव्हता. मी म्हटलं, "मला काय ठाऊक." आणि घड्याळाकडं बघत राहिले.

आठला बेल वाजली. सायरानं चपला काढल्या. दारातनं तिला आतली गर्दी दिसली, आणि नानांचा आवाज आला, "सायरा उतरली का?" आत्या म्हणत होती, "तोंडावर हात ठेवा रे कुणीतरी, शेजारीपाजारी ऐकतील. मरताना कुणाचं नाव घ्यायचं याची तरी..." मी सायराला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. तिनं बघितलं. मला नक्की माहीत आहे, तिनं बघितलं.

ती माणसांतनं वाट काढत पलंगापाशी गेली, खाली वाकली आणि म्हणाली, "ओ नाना. आले मी. सायरा आले."

नाना गप्प झाले. डावा हात चाचपडत आला तो तिनं धरला.

 अपेक्षाला आधी कळलं. तिची नजर सायराच्या तोंडावरनं देवघराकडं गेली आणि परत आली. "म्हणजे ते उपवास..." एवढंच म्हणाली. आत्यानं हातातली गंगाजळाची वाटी पदराखाली घेतली. चुलतभावाचं हसू गेलं. शैलेश काही बोलणार होता, पण बापाची बोटं त्या हाताभोवती इतकी घट्ट होती की त्याला ती सोडवायचं धाडस झालं नाही. दुपारपर्यंत ती तशीच बसून राहिली. नाना गेले ते तिच्या हातात हात असताना.

मग मात्र अपेक्षा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "नळ्या वगैरे काढायच्या ते हेमलता सिस्टर, तुम्हीच करा. त्यांना... त्यांनी जरा बाहेर बसावं. आत्यांना चालणार नाही." माझी तेव्हा मूळची भाषा बाहेर आली. मी म्हटलं, "ह्यांचं हगणं-मुतणं तिनं काढलं तवा चाललं, आन् आता व्हय? मी हात लावायची न्हाई." सायरानं माझ्याकडं बघितलं. "हेमा, पेशंट हायेत. कर तू. नीट कर, डावीकडची चिकटपट्टी वली करून काढ, कातडी नाजूक हाय." आणि बाहेर जाऊन लिफ्टसमोरच्या पायरीवर बसली. चपला हातात घेऊन.

मी केलं. नीट केलं.

मृण्मयी मॅडमचा फोन मी घरी पोचायच्या आत आला होता. त्या घरानं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं, ब्युरो खोट्या नावानं बायका पाठवतो. मॅडमची चार घरं गेली. दोष कुणाचा, तर सायराचा. तिला त्यांनी काढून टाकलं. जाताना तिनं विचारलं म्हणे, माझ्या नावानं कुठं असंल तर बघाल का? मॅडम म्हणाल्या, बघते. बघते म्हणजे काय ते आम्हाला दोघींनाही कळतं. पाऊस सुरू झाला, ताम्हिणीकडची माणसं धबधबे बघायला पौडवरनं जायला लागली, आणि ती दुकानाच्या बंद फळ्यांमागं बसून आहे. फोन वाजत नाही. माझा वाजतो.

परवा गेले होते तिच्याकडं. तिनं साबुदाण्याची खिचडी केली होती, आता आवडायला लागली म्हणाली. खाता खाता मी तिला झापलं. राहवलं नाही. म्हटलं, "काय गरज व्हती तुला? अर्धे गेलेले ते. काय कळणार व्हतं त्यास्नी? सरिता म्हणून नुसती जवळ बसली असतीस, हात धरला असतास, तरी चाललं असतं. आज कुटं तरी ड्यूटीवर असतीस."

तिनं माझ्या ताटात अजून खिचडी वाढली.

"सकाळपासनं मला हाक मारत व्हते गं," ती म्हणाली. "ओ द्यायला नको?"